एक तारा आणि उलट शेरा

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांवर शेरे मारण्यात गेली. एका सहकारी संस्थेच्या आस्थापना विभागात मी हेडक्लार्क होतो. साहेबांच्या सहीनं जाणारे गोपनीय अहवाल प्रत्यक्षात मीच लिहायचो. 'कामात तत्पर आहेत, परंतु' एवढं लिहून झालं की माझी खरी प्रतिभा जागी व्हायची. चार-दोन जणांच्या बढत्या त्या 'परंतु'त अडकून पडल्या. माझ्या निरोप समारंभात मात्र सगळे माझ्याबद्दल फक्त चांगलंच बोलले. ते मनापासून बोलत होते असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

असा माणूस निवृत्त झाल्यावर ऑनलाइन लिलावाच्या धंद्यात पडला, यात नवल काही नाही. शाहूपुरीत आमच्या घराखालचा गाळा रिकामा होता आणि मला जुन्या अडकित्त्यांचा नाद होता. मोडीच्या दुकानांतून किलोवर मिळणारे लोखंडी, पितळी अडकित्ते आणायचे, घासूनपुसून त्यांचे फोटो काढायचे आणि जुन्या वस्तूंच्या एका लिलाव-साईटवर टाकायचे. आठवडाभर बोली चालते, सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला वस्तू जाते. घेणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. दांड्यावर मोर असला की त्यांचा जीव वरखाली होतो. मग तो अडकित्ता त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जाऊन बसतो आणि आयुष्यात पुन्हा सुपारीचं तोंड पाहत नाही.

व्यवहार झाला की घेणारा विकणाऱ्याला पाचपैकी तारे देतो आणि दोन ओळी लिहितो. विकणाराही घेणाऱ्याला तारे देतो, ओळी लिहितो. साईटवाले याला 'परस्पर विश्वास' म्हणतात. आम्हा विकणाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट होता, तिथं या परस्पर विश्वासाची पद्धत मला शिकवण्यात आली. आपण आधी काही लिहायचं नाही. घेणाऱ्यानं काय लिहिलं ते बघायचं. त्यानं पाच तारे दिले तर आपणही पाच द्यायचे आणि 'उत्तम ग्राहक' म्हणायचं. त्यानं कमी दिले तर त्याला असा शेरा द्यायचा, की पुन्हा कुणाला तारा कमी करताना त्याचा हात थरथरला पाहिजे. मला तर हे माहेरी आल्यासारखं वाटलं.

दीड वर्षात माझा एकही तारा कमी झाला नाही. मग चंदगडच्या एका माणसानं बोली लावली.

वस्तू लोखंडी होती, दांड्यांच्या टोकांना पितळी पोपट. दिसायला देखणी, पण मधला खिळा सैल झालेला. उघडझाप करताना पातं बाजूला सरकायचं. मी खिळ्याभोवती तेल आणि काजळी भरली. फोटोत ते असं काही जुनं आणि घट्ट दिसलं, की मलाच दोन बोली जास्त लावाव्याशा वाटल्या. खाली नेहमीप्रमाणं लिहिलं, 'पूर्ण चालू स्थितीत.' हे सगळेच लिहितात. काचेच्या कपाटात कुठलाही अडकित्ता चालूच असतो.

पण या माणसानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. सुपारी फुटते का? मी लिहिलं, हो. दुसऱ्या दिवशी, ओली की सुकी? मी लिहिलं, दोन्ही. मग, आपण स्वतः फोडून बघितली आहे का? याला मी उत्तर दिलं, 'वस्तूच्या दर्जाबाबत निश्चिंत असावे.' हे कचेरीतलं वाक्य. याचा अर्थ नाही असाच होतो, पण तो कुणाला पकडता येत नाही.

पार्सल बायको बांधायची. तिनं तो अडकित्ता दोनदा उघडून मिटला.

"ह्याचा खिळा हालतोय की," ती म्हणाली.

"त्याला काय, कपाटातच ठेवायचाय. बांध."

"त्यानं इचारलंय न्हवं, फुटतीया का म्हणून?"

"तू चिकटपट्टी लाव."

तिनं लावली. पार्सलवर आमच्या गाळ्याचा पत्ताही तिनंच लिहिला, ठळक अक्षरात.

आठ दिवसांनी मला एक तारा मिळाला. खाली लिहिलं होतं : 'सुपारी फुटत नाही. खिळा ढिला आहे. लिहितात एक, देतात एक. लाज वाटायला पाहिजे.' पैसे परत मागितले नव्हते, वस्तू परत घ्या म्हणून सांगितलं नव्हतं. नुसती लाज मागितली होती.

मी दोन दिवस नीट जेवलो नाही. त्याला फोन करावा, माफी मागावी, खिळा बसवून देतो म्हणावं, असलं काही माझ्या मनात आलं नाही. मी शेरा लिहायला बसलो. पाच मसुदे झाले. शेवटचा असा : 'ग्राहक अनावश्यक प्रश्न विचारून विक्रेत्याचा वेळ घेतो. वस्तू मिळाल्यावर स्वतः तिच्याशी छेडछाड करून तक्रार करत असल्याचे निदर्शनास आले आहे. इतर विक्रेत्यांनी सावध राहावे.' निदर्शनास कुणाच्या आलं, ते लिहायचं नसतं. ती या भाषेची सगळ्यात मोठी सोय आहे.

गटावर टाकल्याबरोबर अंगठ्यांचा पाऊस पडला. एकानं लिहिलं, 'काका, याला म्हणतात मराठी.' तासाभरात आठ-दहा जणांनी त्या माणसाला आपापल्या दुकानातून बंद करून टाकलं. म्हणजे यापुढं त्याला त्यांच्या कुठल्याच वस्तूवर बोली लावता येणार नाही. मी बायकोला मोठ्या आवाजात शेरा वाचून दाखवला. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं विचारलं, "छेडछाड कवा केली त्यानं?" मी म्हणालो, तुला धंद्यातलं कळत नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी गाळ्यात एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, पांढरा शर्ट, खांद्यावर पिशवी. बोर्ड वाचला, मग मला नीट बघून घेतलं.

"पावणं, अडकित्तं तुमीच इकता न्हवं?"

"व्हय. या, बसा. कसला बघायचा?"

"बघायचा न्हाय, दाखवायचा हाय," असं म्हणून त्यांनी पिशवीतून तो पोपटांचा अडकित्ता काढून टेबलावर ठेवला. शेजारी मूठभर सुपाऱ्या ठेवल्या. "चंदगडास्नं आलोय. पयल्या गाडीनं निघालतो."

आवाज ऐकून बायको मागच्या दारातून पुढं आली. त्यांनी तिला नमस्कार केला आणि सांगितलं, की ते एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत. तीस वर्षं गाडीतल्या माणसांनी मास्तर म्हटलेला माणूस. मग त्यांनी एक सुपारी पात्यात धरली आणि दाबली. पातं सरकलं, सुपारी सुटून माझ्या चष्म्याखाली गालावर लागली. त्यांनी दुसरी धरली. ती बायकोच्या पायाशी गेली. ती तिनं उचलून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाणी आणतो मास्तर, बसा."

मी इतका वेळ समजून चाललो होतो, की हा कुणीतरी पैसेवाला शौकीन आहे, दोनशे अडकित्ते भिंतीवर लावून बसलेला आणि नव्यात खोट काढणारा. ते मास्तरांना मी विचारलंही. ते म्हणाले, "भिंतीवर कशाला लावू? आई हाय माजी, नव्वदीची. दात न्हाईत. सुपारी बारीक कातरून दिली तर चघळती. तिचा अडकित्ता झिजला. बाजारात मिळतात ते पत्र्याचे, दोन दिवसांत वाकत्यात. पोरीनं फोनवर तुमचं दुकान दाखवलं."

"मग तो शेरा..."

"तिचाच की. ती बोलत गेली, पोरगी टाइप करत गेली. मी म्हटलं, लाजंचं काडू या. ती म्हटली, ऱ्हाऊ दे."

म्हणजे मी दोन दिवस जेवण टाकून, पाच मसुदे करून जिच्याशी लढलो, ती नव्वद वर्षांची बिनदातांची बाई होती. आणि दीड वर्षात माझ्याकडून अडकित्ता घेऊन त्यानं खरोखर सुपारी कातरू बघणारं ते एकच घर होतं.

पैसे देतो, म्हणून मी गल्ल्याकडं हात नेला. मास्तर म्हणाले, "पैसं नकोत. तुमी ल्हिवलंय ते काडा. मी एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडली. पेटी तपासायला सायेब चढायचं, कवा एक पैसा कमी-जास्त निघाला न्हाय. आनि तुमी ल्हिवलं, मी वस्तू बिगडवून तक्रार करतो. ते पोरीनं वाचलं, जावयानं वाचलं. आता कुठं बोली लावाय गेलं की 'तुमाला परवानगी नाही' असं येतंय. मला परवानगी न्हाय."

हे ते ओरडून बोलले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी साईट उघडली. दिलेला शेरा काढता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नोकरीत मी मारलेला शेराही कुणाला काढता यायचा नाही, आणि तेव्हा मला तो नियम फार शहाणपणाचा वाटायचा. फक्त खाली एक खुलासा जोडायची सोय होती. मी लिहिलं : 'सदर प्रकरणी काही गैरसमज झाला असावा.' मास्तरांना दाखवलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "झाला असावा म्हंजे? कुनी केला?"

मी सुधारलं : 'सदर प्रकरणी विक्रेत्याकडून अनवधानाने गैरसमज झाला.'

"अनवधानानं म्हंजे तुमाला ठाव नव्हतं?"

बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "ठाव हुतं," ती म्हणाली. "मी बांधताना सांगितलंतं."

मास्तरांनी मान हलवली. विनातिकीट सापडलेल्या प्रवाशाकडं कंडक्टर बघतो तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सगळं खोडलं. मग दोन बोटांनी, सावकाश, असं लिहिलं : 'वरचा शेरा खोटा आहे. खिळा आधीपासून सैल होता आणि मला ते माहीत होतं. मी काजळी भरून ते लपवलं. या ग्राहकानं काहीही बिघडवलेलं नाही.' साध्या मराठीत चार वाक्यं. नोकरीत मी एवढं छोटं काही कधी लिहिलं नव्हतं. बोट पाठवायच्या बटणावर ठेवून मी बराच वेळ बसलो. मास्तर घाई करत नव्हते. शेवटी मी दाबलं.

मग अडकित्ता घेऊन आम्ही दोघं कोपऱ्यावर गेलो. तिथं कुलपं-किल्ल्यांचं काम करणारे एक चाचा बसतात. त्यांच्या आजोबांपासून त्यांची तीच जागा. त्यांनी जुना खिळा ठोकून काढला, काजळीनं काळी झालेली बोटं फडक्याला पुसली आणि विचारलं, "ही शाई कुनी भरली?" मी म्हणालो, मी. चाचांनी नवा खिळा घातला, दोन्ही बाजूंनी ठोकला, पात्याला कानस मारली. सगळं मिळून पंधरा मिनिटं. मास्तरांनी खिशातून सुपारी काढून दाबली. कडक आवाज आला आणि दोन सारख्या फाका पडल्या. त्यातली एक त्यांनी चाचांना दिली, एक मला. मी सुपारी खात नाही, पण ती खाल्ली.

तासाभरात गटावर माझा खुलासा पोचला. कुणी लिहिलं, काकांचं अकाऊंट कुणीतरी चोरलंय. एकानं लिहिलं, याचे परिणाम सगळ्या विक्रेत्यांना भोगावे लागतील. अंगठा एकाचाही नाही. संध्याकाळपर्यंत मला गटातून काढण्यात आलं. कारण दिलं नाही. चांगल्या कचेरीत देत नाहीत.

माझी बोली पडली. पहिल्या महिन्यात चार वस्तूंवर कुणी बोललंच नाही. पाचवी एका मुंबईच्या बाईंनी घेतली. त्यांनी विचारलं होतं, सुपारी फुटते का. मी खाली गाळ्यात बसून तीन सुपाऱ्या फोडून बघितल्या आणि लिहिलं, सुकी फुटते, ओली चिरडते. त्यांनी चार तारे दिले. गंमत म्हणजे त्या कमी केलेल्या एका ताऱ्याचा मला राग आला. इतक्या वर्षांची सवय एका दुपारीत जात नाही. मी शेरा लिहायला फोन हातात घेतला, 'ग्राहक समंजस आहेत, परंतु' इथपर्यंत आलोही. मग फोन बायकोच्या हातात दिला. तिनं पाच तारे दाबले आणि खाली काहीच लिहिलं नाही.

मास्तरांना बंद झालेली दुकानं एकेक करून उघडली, सगळी नाहीत. आता त्यांना मोठ्या बहिणीसाठीही अडकित्ता हवाय. परवा त्यांनी एक फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"पावणं, खिळ्याजवळ जरा जास्तच काळं दिसतंय. बगा की."

मी फोटो मोठा करून बघितला. काजळीचं काम चांगलं होतं, माझ्यापेक्षा सफाईदार. विकणारा आमच्या त्या गटातलाच, मला 'याला म्हणतात मराठी' म्हणणारा.

"घेऊ नका मास्तर," मी म्हणालो. "त्याला आधी विचारा, स्वतः फोडून बघितली आहे का."

"इचारलं. म्हनतोय, निश्चिंत असावे."

"मग सोडा."

"सोडतो," ते म्हणाले, आणि आईचा आवाज मागून आला. त्यातला 'लाज' एवढाच शब्द मला ऐकू आला. मास्तर हसले आणि बाकीचं मला सांगायला नको म्हणून त्यांनी फोन ठेवला.