निळा ठिपका

सायकल लावून घरात शिरलो की चहा नेमका गाळला जात असतो. इतके दिवस मी ते माझं नशीब समजत होतो. काल मात्र ओट्यावर, साखरेच्या डब्याला टेकवलेला बायकोचा फोन दिसला. त्यावर नकाशा होता आणि आमच्या घरावर एक निळा ठिपका. तो मी.

हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हा मला वेग आणि चढ मोजणारं ॲप हवं होतं. हिने हट्टाने, तिला घरबसल्या मी कुठे आहे ते दिसेल असं साधंसं ॲप निवडलं. ‘‘मी काय चुकलेलं वासरू आहे?’’ म्हणून मी चिडलोही होतो.

‘‘अहो, कालव्याच्या पुलावर तुम्ही रोज थांबता,’’ ती चहा गाळता गाळता म्हणाली. ‘‘तिथून ठिपका हलला की आधण ठेवते.’’

पुलावर मी बगळे बघत थांबतो, हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी ठिपका तिथे थांबला, तेव्हा या ओट्याशी तिचं काय झालं असेल?

आज पुलावर बगळे होते. थोडा वेळ बघितले. मग पॅडल मारलं, आणि घरी गॅस पेटल्याचं मला तिथेच कळलं.