लागली की लावली

तिसऱ्या दिवशी तेच वाक्य नवव्यांदा बदललं, तेव्हा मी पान लॉक केलं.

आमचा जिल्ह्यातल्या गावांचा ऑनलाइन कोश आहे. कुणीही माहिती लिहावी, दुसऱ्यानं सुधारावी. मी कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालेला, त्यामुळं भांडणं मिटवायचं काम माझ्याकडं. दोघं एकमेकांचं सारखं खोडत राहिले की त्याला एडिट वॉर म्हणतात. मग पान लॉक करायचं, म्हणजे इतरांना ते बदलता येत नाही, आणि दोघांना चालेल असं वाक्य आपण लिहायचं.

गाव पिशोरच्या पलीकडचं. नाव सांगत नाही. तिथून उठून शहरात, गारखेड्यात आलेल्या सुनंदाताई, पेशानं नर्स, यांनी लिहिलं होतं, ‘बौद्ध वस्तीतील सात घरांना आग लावली. एक वृद्धा जळून मेली.’ गावातले शिक्षक जाधव सर ते काढून लिहायचे, ‘गावात सर्व समाज गुण्यागोविंदाने राहतो.’

जाधव सरांना फोन लावला.

“केस सुटली साहेब. सगळे निर्दोष. मग लावली कसं लिहिता?”

मला पटलं. मी लिहिलं, ‘एका वस्तीतील सात घरांना आग लागली. कारणाबाबत मतभेद आहेत.’ असल्या मजकुरात समाजाचं नाव नको, तेढ वाढते, असा आमचा नियम होता. म्हणून ‘बौद्ध’ काढलं. मेलेल्या बाईचं वाक्यही भडक वाटलं, तेही काढलं. झालं तटस्थ, म्हणून चहा मागवला.

आठवड्यानं सुनंदाताई वडलांना घेऊन ऑफिसात आल्या. बाबा सत्तरीच्या पुढचे. दोन्ही तळहातांची कातडी आकसलेली. त्यांनी पिशवीतून कोर्टाच्या निकालाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली.

“सर, तुमी हे वाचलं व्हतं का?”

“नाही.”

“मंग मतभेद कुठून आणले?”

मी झेरॉक्स जवळ ओढली.

“माझी माय आत व्हती,” ते म्हणाले. “कडी बाहेरून घातलेली. मी हातानं काढली. लई तापली व्हती.”

आवाज पत्ता सांगावा तसा. सुनंदाताई खिडकीकडं बघत होत्या.

मी निकाल त्यांच्यासमोरच वाचला. रॉकेल टाकून आग लावली गेली, दाराला बाहेरून कडी होती, हे कोर्टानं मान्य केलं होतं. आग याच आरोपींनी लावली एवढंच सिद्ध झालं नव्हतं. साक्षीदार फिरले होते. म्हणजे आरोपी सुटले हे जाधव सरांचं म्हणणं खरं होतं. मतभेद मात्र माझ्या पदरचे होते.

मी नवं वाक्य वाचून दाखवलं, ‘बौद्ध वस्तीतील सात घरांना आग लावण्यात आली. एका वृद्धेचा जळून मृत्यू झाला. आग कोणी लावली हे सिद्ध झाले नाही.’

“बास,” बाबा म्हणाले. “कुनाचं नाव नको.”

वाक्य अकरा दिवस राहिलं. बाराव्या दिवशी गावातली चार माणसं आमच्या संचालक मॅडमना भेटून गेली. मॅडमनी मला बोलावलं.

“तुमचं वाक्य बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“एका वाक्यापायी अख्खा प्रोजेक्ट अडकवायचा का? कुणाचीच बाजू नको. परिच्छेदच काढू.”

त्यांनी माझ्यासमोर तो काढला. आता त्या पानावर मका आहे, आठवडी बाजार आहे, मारुतीचं देऊळ आहे.

फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळी सुनंदाताईंकडं गेलो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“काईच नाय ठिवलं?”

“नाही.”

त्यांनी तळहात चोळले. मग म्हणाले, “लागलीपेक्षा हे बरं. खोटं तरी नाय.”

मी अजून तेच काम करतो. ‘मतभेद आहेत’ असं लिहायच्या आधी कागद मागवतो. बहुतेकदा कागदात मतभेद नसतात. आमच्या यादीत ते गाव ‘वाद मिटला’ या रकान्यात आहे.