लोक काय म्हणतात त्या वस्तीला?

मला राग फार लवकर येतो. शाळेतली मुलं माझ्या मागं काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते मी कमावलेलंच आहे. पण त्या दिवशी फोनवर मी जो आरडाओरडा केला, ते रागाचं नुसतं सोंग होतं. हे मी इतके दिवस एकदोघींखेरीज कुणाला सांगितलं नाही. आता सांगते.

मी नगरला एका शाळेत मराठी शिकवते. माहेर तिसगावच्या पुढं, पाथर्डीच्या अंगाला. आई तिथं भावाजवळ असते. त्या दिवशी मधली सुट्टी झाली होती, शिक्षकांच्या खोलीत आम्ही पाचसहाजणी डबे उघडून बसलो होतो, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"ताई, आईचं त्वांड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना. बोलाया गेल्या की नुसतं अं अं करत्यात."

वहिनी सकाळी साडेनवाला खुरपायला गेली होती, तेव्हा आई चांगली होती. परत आली तर चुलीपाशी पडलेली. भाऊ टेम्पो घेऊन कोपरगावला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता.

"अगं, मग एकशेआठला कर ना!"

"मला न्हाई बोलता येत तसल्या मानसांशी. तुमीच करा ताई, तुमी शिकलेल्या."

शिकलेल्या! बरं, केला मी फोन. माझा आवाज ऐकून सगळ्याजणी भोवती गोळा झाल्या. एकीनं मला नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला, एकीनं पाण्याचा ग्लास पुढं ठेवला. सगळ्या मायेनंच उभ्या होत्या, हे आधी सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला त्यांचाच राग यायचा.

पलीकडं एक मुलगी होती. आवाज शांत. आईचं वय विचारलं, काय झालं ते विचारलं, श्वास नीट चालू आहे का विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं लोकेशन मला नगर शहरात दिसतंय. पेशंट तिथंच आहे का?"

"नाही हो, गावाला आहे." मी तालुका सांगितला, गाव सांगितलं.

"गावात कुठं?"

"समतानगर."

"हे नाव माझ्याकडं येत नाहीये मॅडम. जुनं काही नाव आहे का? लोक काय म्हणतात त्या वस्तीला?"

मला ठाऊक नव्हतं होय! जन्म गेला त्या वस्तीत. लोक म्हारवाडा म्हणतात. चार पिढ्यांमागं आमची माणसं ख्रिस्ती झाली, प्रार्थना बदलली, लग्नं बदलली, मरणाची रीतसुद्धा बदलली, पण वस्तीचं नाव काही बदललं नाही. मग कधीतरी सरकारनं सांगितलं, वस्त्यांना जातीची नावं नकोत. ग्रामसभेत ठराव झाला आणि वस्तीच्या तोंडाशी निळी पाटी लागली. ती पाटी फक्त आम्हीच वाचायचो. गावाच्या तोंडात जुनंच राहिलं.

आणि शाळेत मी फक्त 'ख्रिश्चन' होते. नाताळला केक आणणारी. ख्रिश्चन म्हटलं की माणसं पुढं काही विचारत नाहीत, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं, आणि मी ती सोय पंधरा वर्षं वापरली. आता त्या पाचजणी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यातली एक रोज माझ्या डब्यातली भाजी खायची.

"हेच म्हणतात," मी म्हणाले. "समतानगरच."

"नक्की का मॅडम? कारण बऱ्याचदा..."

"अहो, माझं माहेर आहे ते! मला माहीत नसेल का? आधी गाडी सोडा, चौकशा नंतर करा! तिथं माझी आई मरायला टेकलीय!"

मुलगी म्हणाली, "गाडी निघतेय मॅडम, ड्रायव्हर तुम्हाला फोन करेल."

त्याचा फोन आला तेव्हा तो आमच्या फाट्यावर पोचला होता. त्याच्या आवाजाला धाप होती. "मॅडम, समतानगर हितं कुनालाच म्हाईत न्हाई."

"पाण्याच्या टाकीकडून या."

गावात टाक्या दोन आहेत. तो नेमका दुसऱ्या टाकीकडं गेला. पुन्हा फोन. मी शाळेची खूण सांगितली, तर त्याला हायस्कूल दाखवलं कुणीतरी. वहिनीचा नंबर दिला, तर ती सारखी भावाला लावत बसलेली, तिचा फोन कायम गुंतलेला. तिनं शेजारच्या माणसाला रस्त्यावर उभं केलं होतं, पण गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला फिरत होती. दर फोनला मी त्या ड्रायव्हरवर खेकसत होते. "तुम्हाला विचारता येत नाही का चार माणसांना?" विचारत तर तो होताच. मी दिलेलं नाव विचारत होता!

अर्धा तास गेला. मग त्याचा फोन आला, आणि या वेळी तो जरा अवघडून बोलला. "मॅडम, स्टँडवर एक म्हातारबाबा म्हनत्यात, म्हारवाडा तर न्हाई ना? तेच का?"

मी खिडकीशी गेले. मैत्रिणींकडं पाठ केली.

"हो."

"काय? ऐकू आलं न्हाई."

"हो, तेच."

दोन मिनिटांत तो दारात होता. बोळ अरुंद, स्ट्रेचर वळेना, तेव्हा त्यानं आईला हातांवर उचलून गाडीपर्यंत नेलं, हे वहिनीनं मला नंतर सांगितलं.

नगरच्या दवाखान्यात मी आधीच जाऊन थांबले होते. आईला आणलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं चांगलं कधी पाहिलं? साडेनऊ. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते ठरावीक तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ती वेळ नुकतीच टळली होती. "अर्धा तास आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता," ते म्हणाले. त्यांनी ते साधेपणानं सांगितलं, कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही.

आई जगली. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. माझी आई म्हणजे अख्ख्या वस्तीचं तोंड. पाण्याच्या टँकरवाल्याला अशी झापायची की तो दुसऱ्या दिवशी वेळेआधी यायचा. ती आता डोळ्यांनी बघत राहते.

भाऊ पेटला होता. "गावात यीऊन अर्धा तास हिंडत बसला भाड्या! त्याला सोडत न्हाई. ताई, तू लिव्ह अर्ज. तुझं मराठी चांगलं हाय."

आणि मी लिहिला. हे सांगताना माझी मान वर होत नाही. दीड पान लिहिला, शुद्ध, एकही खाडाखोड नाही. 'वाहनचालकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे' असं लिहिलं. ज्या माणसानं माझ्या आईला हातांवर उचलून नेलं त्याच्या पोटावर मी पाय दिला, आणि खाली झोकात सही केली. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की चूक त्याचीच आहे. माणूस स्वतःला काय काय पटवतं!

महिन्यानं एकशेआठच्या कार्यालयात चौकशीला बोलावलं. भाऊ माझ्याबरोबर आला. ड्रायव्हर आधीच येऊन भिंतीपाशी उभा होता, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. साहेबांनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. त्यावर आमच्या गावाचा नकाशा आणि त्यात गाडी कुठं कुठं गेली त्याची लाल रेघ. एक टाकी, हायस्कूल, मारुतीचं देऊळ, पुन्हा फाटा. वस्ती सापडेपर्यंत गाडी कुठंच दोन मिनिटांच्या वर थांबलेली नव्हती.

"आता फोन ऐकू," साहेब म्हणाले.

प्रत्येक फोन, ड्रायव्हरचासुद्धा, रेकॉर्ड होतो हे मला कुठं ठाऊक होतं? त्या खोलीत माझाच आवाज आला. लोक काय म्हणतात त्या वस्तीला? हेच म्हणतात. समतानगरच. नक्की का मॅडम? माझं माहेर आहे ते. एवढा ठाम, एवढा स्वच्छ आवाज की कुणीही विश्वास ठेवला असता. मग ड्रायव्हरचे फोन, माझं खेकसणं, आणि सगळ्यात शेवटी ते पुटपुटलेलं 'हो'. ते ऐकू यावं म्हणून साहेबांनी आवाज वाढवला.

भावानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. मी तिथंच अर्ज मागं घेतला. ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, माझं चुकलं." तो नुसता "असू द्या" म्हणाला आणि निघून गेला, त्याची पाळी सुरू व्हायची होती.

शाळेत मी त्या भाजी खाणाऱ्या बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अहो, आम्हाला तर पहिल्या वर्षापासून माहीत आहे." म्हणजे ज्यांच्यापासून लपवलं त्यांना ठाऊकच होतं! माझी आई गप्प झाली ती कुणासाठी, तर कुणासाठीच नाही.

चौकशीच्या दिवशी तिथून भावानं मला टेम्पोतून गावाकडं नेलं. घर आल्यावर एवढंच म्हणाला, "म्या कुनाला सांगनार न्हाई. आईला मात्र तू सांग." आणि बाहेरच थांबला.

आई भिंतीलगतच्या खाटेवर उताणी होती. वहिनी मागं भांडी घासत होती. आईला ऐकू सगळं येतं आणि कळतंही सगळं. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. काही गाळलं नाही. त्यांनी नाव विचारलं होतं आई, आणि मला त्या बायकांसमोर लाज वाटली. असंच सांगितलं. आई माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, डाव्या हातानं एक ठेवून देईल, आणि खरं सांगते, दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिनं डाव्या हातानं खाटेची कड धरली आणि जोर लावला. खाट करकरली. दोनदा तिचा हात सुटला. मी आधार द्यायला पुढं झाले तर तिनं माझा हात झटकला. मग पुन्हा धरून, कण्हत, सगळं अंग ओढून ती भिंतीकडं तोंड करून वळली.

करकर ऐकून वहिनी ओल्या हातांनी आत आली. "अगं बाई! ताई, आई आपल्याआपन वळल्या! इतक्या दिसांत पयल्यांदा!" तिचे डोळे भरून आले. ती धावतच दारात गेली आणि अख्ख्या आळीला हाका मारून सांगू लागली, की ताई आल्या आन् आई वळल्या.