नाव नसलेली नळी

रामटेकेभाऊंच्या खिशात पेन क्वचितच सापडे. जुन्या छत्रीतून कापलेला काळ्या कापडाचा तुकडा मात्र हमखास असे. आमच्या छोट्या दवाखान्याची लॅब ते एकटे सांभाळत. लघवीची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून वरचा भाग उकळायचा, अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि नळी त्या काळ्या तुकड्यासमोर धरायची. पांढुरका ढग टिकला, तर लघवीतून प्रोटीन जातंय. तपासणीच्या तयार पट्ट्या आल्या, तरी भाऊंनी हा उद्योग काही सोडला नाही.

त्यांची दुसरी खोड याहून विचित्र. असा ढग दिसला की नळी घेऊन ते थेट माझ्या टेबलापाशी येत, पण पेशंटचं नाव मी विचारल्याशिवाय सांगत नसत. "साहेब, आंधी नळी पाहा, नाव मंग इचारजा. नाव आयकलं का तुमाले गाव आठवते, अना गाव आठवलं का चंद्रपूर दूर वाटते."

बोलणं झोंबायचं, कारण खरं होतं. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, चंद्रपूरलाच व्हायचा. पेशंटचा अख्खा दिवस जायचा, म्हणून मी टाळायचो. एकदा म्हणालो, "भाऊ, लघवीत प्रोटीन म्हणजे किडनी बघायची. हृदयाचं काय मध्येच?"

"बीपीवाला हाय न? बारीक नसा आतून खराब हून राह्यल्या. किडनीत हून राह्यल्या त दिलात काऊन नाई होनार? दुखत नाई म्हून का झालं!"

मी हसलो. मला शिकवतात म्हणून थोडा रागही आला. तरी मुलचेऱ्याकडच्या एका बाईला केवळ त्यांच्या हट्टापायी पाठवलं. तिला ना दम लागत होता, ना छातीत दुखत होतं, आणि इकोत हृदयाची भिंत जाड झालेली निघाली. वेळेवर औषधं वाढवली, बाई आजही धान कापते. भाऊंनी फुशारकी मारली नाही. "मले त फक्त ढग दिसते, साहेब," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

मग तो मे महिना आला. बाहेर पेशंटची रांग, उकाड्याने माझं डोकं तापलेलं. भाऊ नळी घेऊन उभे राहिले. "बीपीवाला हाय. दम नाई, दुखत नाई. ढग दुसऱ्यांदा आला."

मी नीट पाहिलंही नाही. "उन्हाचं असेल. पाणी भरपूर प्यायला सांगा, पावसाळ्यात परत बघू."

"इको?"

"कशाला उगाच!"

मी पुढच्या पेशंटला हाक मारली. भाऊंनी कापडाची घडी केली, खिशात घातली आणि निघून गेले.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, भाऊ शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले ते उठलेच नाहीत. चंद्रपूरला नेलं तेव्हा इको झाला. हृदय कधीपासूनचं जाड झालेलं होतं. तिसऱ्या दिवशी भाऊ गेले. त्यांच्या बीपीची गोळी मीच लिहून देत होतो.

भेटायला गेलो, तर शकुनबाईंनी, त्यांच्या बायकोने, मलाच पाणी दिलं. म्हणाल्या, "मायी सोताची नळी साहेबाले दाखवून आलो म्हनत होते. साहेब म्हनाले उनाचं हाय, मंग चिंता नाई. लय भरवसा होता तुमच्यावर." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

तो काळा तुकडा आता माझ्या खणात आहे. लॅबमधली नवी मुलगी छापील रिपोर्ट आणते. नावावर हात ठेवून मी आधी प्रोटीन बघतो, चंद्रपूरची चिठ्ठी लिहितो आणि मग तिला विचारतो, "नाव काय?" नाव कागदावर असतंच. तिला वाटतं, साहेबांची नजर गेली.

त्या मे महिन्यात एवढंच विचारायचं होतं.