संत्र्याच्या सालीखालचं पांढरं

मल्लेश्वरमच्या आमच्या कापडाच्या दुकानात भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प करणारे आमचे हे, सुई दिसली की शेळी होतात.

डॉक्टरांनी बजावलं, "आता गोळ्यांनी भागणार नाही. इन्सुलिन सुरू करा, नाहीतर डोळे जातील." दवाखान्यातल्या नर्सनं पद्धत शिकवली. "कातडीत नको, स्नायूत नको. मधे चरबीचा थर असतो, तिथे टोचायचं. पोटाची घडी चिमटीत धरा, अण्णा. आधी सिरिंजमध्ये पाणी भरून संत्र्यावर हात बसवा. साल ओलांडायची, पांढऱ्यात थांबायचं. स्वल्पच जोर."

झालं! यांनी डझनभर संत्री आणली. दार लावून सराव सुरू. आमच्याकडे अन्न टाकायची पद्धत नाही, म्हणून सरावाचं संत्रं खायचेही हेच. "सुरू कधी करणार?" विचारलं की, "अगं, हात बसू दे की!" डझन संपलं, दुसरं आलं. मला बाई कौतुकच वाटलं. पुढच्या तपासणीत साखर आणखी चढलेली!

मी कपाट उघडलं. सिरिंजची पाकिटं जशीच्या तशी, एकही फोडलेलं नाही.

"अहो, हा सराव?"

"मनातल्या मनात टोचत होतो."

मी अशी तणतणले, की शेजारच्या अक्का गॅलरीत आल्या. मग रडूच फुटलं. "डोळे गेले तर मी भांडू कुणाशी?"

यांनी शर्ट वर केला, डोळे गच्च मिटले. "तूच टोच."

उरलेल्या एकाच संत्र्यावर मी दोनदा पाणी टोचून पाहिलं. सालीखालचं ते मऊ पांढरं हाताला बरोब्बर कळलं. मग नवी सिरिंज भरून यांच्या पोटाची घडी धरायला गेले, तर घडी येईना. जन्मभर जिला नगारा म्हणून चिडवलं ती ढेरी कधी ओसरली? सैल शर्टाआड मला दिसलंच नव्हतं. माझीच मला लाज वाटली. कशीबशी चिमूट धरली.

"टोचायच्या आधी सांग हं."

"झालंसुद्धा."

यांनी एक डोळा उघडला. "मग ते संत्रं?"

"ते माझं!"

यांच्यासमोर बसून मी एकेक फोड चवीनं खाल्ली. हे बघत राहिले, दोन्ही डोळ्यांनी.