समोरच ठेवलेली फाईल

पाटसच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू होऊन वाऱ्यावर मळीचा वास आला, की मला खुटबावच्या घरातला आमचा पहिला कॉम्प्युटर आठवतो. असाच हंगाम होता आणि व्हायरसनं कॉम्प्युटर पार मंदावला होता. मी केडगावला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून विंडोज मीच नव्यानं टाकायला बसले. माझ्या फायली, लग्नाचे फोटो आठवणीनं सीडीवर उतरवले आणि बाकी सगळं फॉरमॅट करून टाकलं. संध्याकाळी सासरे रानातून आले आणि हातपाय धुऊन रोजच्यासारखे कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसले. तरुणपणी मेंढरं घेऊन ते कोकणात जात. त्या वाटेवरचे मुक्काम, पाणवठे ते बरेच दिवस एका बोटानं टाइप करत होते. "पोरी, माझं लिव्हल्यालं कुठं गेलं?" रिकाम्या स्क्रीनकडं बघत त्यांनी विचारलं. "हुडकाय लागू नये म्हणून समोरच ठिवलं हुतं की." "आप्पा, ते माझ्याकडनं पुसलं गेलं," मी म्हणाले, "तुम्ही परत सांगा, मी टाइप करते." ते हसले. "व्हय, सांगू की. आता मेंढरंच न्हाईत, घाई कुणाला हाय?" पण पुन्हा ते त्या खुर्चीत बसले नाहीत, आणि मीही विचारायचं पुढं ढकलत राहिले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आप्पा कुठल्या वाटेनं जायचे, असं माझी मुलगी आता विचारते, तेव्हा मला त्यातलं एकही गाव सांगता येत नाही. कारण ते माझ्या शेजारी बसून टाइप करत असताना मी एकदाही वाकून वाचलं नव्हतं.