वल्हं आईच्या हातात

इथे परदेशात, एदो नदीवर, माणसांना पलीकडे नेणारी होडी चालवणाऱ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी आजोबाच म्हणते. इथली पहिली होडी त्यांच्या पणजोबांनी सुरू केली. आजोबा मात्र सांगतात, "आम्ही सुरुवात केली तेव्हा पूल नव्हता," जणू स्वतः हजर होते. वल्हं त्यांनी घराबाहेरच्या कुणाला कधी दिलं नाही.

यंदा पुण्याहून आई आली. "लहानपणी कृष्णेत मी होडी वल्हवायचे. विचार ना त्यांना," ती म्हणाली. मी भीतभीत विचारलं.

आजोबांनी तिच्या हातांकडे पाहिलं, वल्हं दिलं आणि माझ्या शेजारी फळीवर येऊन बसले. होडी एक गिरकी घेऊन सरळ चालू लागली. आजोबा काठाकडे बघतच राहिले.

"असं बसून कधी पाहिलंच नव्हतं," ते म्हणाले. "छान दिसतो की आमचा घाट."